विद्या सुलभ करावी काय?

एखादी विद्या सर्वांच्या हातीं पडावी म्हणून ती सोपी केली, तर त्यांत तिच्यावर उपकार होतो कीं अपकार? हा प्रश्न प्रत्येक पिढीला नव्यानें सोडवावा लागतो. चीन देशांतील ‘ताई ची’ नामक व्यायामाचा इतिहास त्यावर चांगला प्रकाश पाडतो, म्हणून तोच आम्ही आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

प्रातःकाळीं उद्यानांत संथपणें हात फिरविणारे वृद्ध स्त्रीपुरुष पाहिले म्हणजे ही मुळांत युद्धविद्या होती हें खरें वाटत नाहीं. परंतु होनान प्रांतांतील चेन कुलाच्या गांवीं ती घराण्याची ठेव म्हणून जतन केली जात असे. बळाला बळानें न अडवितां, येणाऱ्या जोराला वाट देऊन प्रतिपक्षाचाच तोल घालविणें, हें तिचें मर्म. एकोणिसाव्या शतकांत यांग लुछान या परक्या कुलांतील पुरुषानें ती चेन छांगशिंग यांजपासून संपादन केली व पुढें पेकिंग येथें शिकविली. त्यानें ती प्रथम भिंतीआडून चोरून पाहिली अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, ज्ञानाभोवतीं भिंत होती एवढें तीवरून दिसतें. त्याचा नातू यांग छंगफू (१८८३–१९३६) यानें उड्या मारणें व पाय आपटणें गाळून सर्व हालचाली एकसारख्या संथ केल्या. अखेर १९५६ सालीं चीनच्या सरकारी क्रीडाखात्यानें याच शाखेंतून, पुनरावृत्ति वगळून, २४ हालचालींचा एक संक्षिप्त क्रम तयार केला. जुन्या क्रमांत मोजण्याच्या रीतीप्रमाणें ८५ पासून १०८ पर्यंत हालचाली येतात. नवा क्रम पांचसहा मिनिटांत पुरा होतो.

परंपरेचे अभिमानी म्हणतात कीं, येथें विद्येचें शिर कापून धड तेवढें लोकांच्या हवालीं केलें. हा आक्षेप उडवून लावण्याजोगा नाहीं. ज्या हालचालीचा हेतु प्रतिपक्षाचा हात वळविणें हा होता, ती अर्थ न कळतां केली म्हणजे तिला नुसत्या अभिनयाचें रूप येतें. शिवाय गुरूजवळ वर्षानुवर्षें राहण्यांत शिष्याच्या शीलाचीही परीक्षा होत असे. आमच्याकडील तालमींत वस्ताद एखादा डाव हातचा राखीत, तोही केवळ मत्सरापोटीं नव्हे.

तथापि दार बंद ठेवून हित कोणाचें होतें? सत्तरीच्या गृहिणीला शत्रूचें भय नाहीं. तिला भय आहे तें न्हाणीघरांतील ओल्या फरशीचें. गुडघे किंचित वांकवून, पाठ सरळ ठेवून, शरीराचा भार एका पायावरून दुसऱ्यावर सावकाश नेणें, हीच तिची गरज. २०१२ सालीं अमेरिकेंतील ओरेगॉन संस्थानांत कंपवाताच्या १९५ रुग्णांवर झालेल्या एका प्रयोगाचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. रुग्णांचे तीन गट करून प्रत्येकास निरनिराळा व्यायाम, आठवड्यांतून दोनदां एकेक तास, २४ आठवडे दिला होता. ताई ची करणाऱ्यांचा तोल अधिक सुधारला, आणि नुसते अवयव ताणण्याचा व्यायाम करणाऱ्यांपेक्षां ते कमी वेळां पडले. मात्र पडणें टाळण्याच्या बाबतींत स्नायुबळ वाढविणाऱ्या व्यायामाहून तें सरस ठरलें नाहीं. म्हणजे लाभ खरा आहे, पण त्याला मर्यादाही आहे.

या मर्यादेपाशींच आमच्या प्रश्नाचें उत्तर सांपडतें. विद्येचा विस्तार कमी करणें निराळें आणि तिचें मोल कमी करणें निराळें. हालचाली २४ असोत वा १०८, त्या नित्य कराव्याच लागतात. ही किंमत कोणत्याही सरकारला माफ करतां आलेली नाहीं. लहान क्रम निघाला म्हणून मोठा बुडाला असेंही नाहीं; चेन कुलाच्या गांवीं आजही जुनी पद्धति शिकविली जाते, आणि २०२० सालीं युनेस्कोनें या विद्येची मानवजातीच्या सांस्कृतिक वारशांत नोंद केली. तेव्हां ‘मी थोडें देत आहें, तेवढें रोज करा’ असें सांगणारा शिक्षक विद्येचा द्रोही नव्हे. द्रोही तो, जो थोडें देऊन सर्वस्व दिल्याचा आव आणतो, व संथ हातवाऱ्यांना सर्व रोगांवरील रामबाण म्हणून विकतो. शिष्याचेंही कर्तव्य असें कीं, आपणांस मिळाला तो अंश आहे हें त्यानें विसरूं नये. एवढी प्रामाणिकता उभयपक्षीं असेल, तर ज्ञानाभोंवतालची भिंत पाडण्यांत अधर्म आहे असें आम्हांस वाटत नाहीं.