निर्णय मुलांचा, हट्ट कुणाचा?



बारावीचे निकाल लागले की आपल्या ग्रुपवर आधी पेढ्यांचे फोटो येतात आणि मागोमाग प्रश्न, "कुठे घ्यायची ॲडमिशन?" गेल्या गुरुवारी सत्संगानंतर दोघी-तिघींनी आम्हालाही हेच विचारलं. आमच्याकडे सल्ला कमी आणि चूक जास्त आहे. तीच सांगतो.

चार वर्षांपूर्वी थोरल्याला भूगर्भशास्त्र शिकायचं होतं. ते इथेच, आपल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात, घरापासून सायकलच्या अंतरावर होतं. आम्हाला मात्र इंजिनिअर हवा होता. ज्या बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये सगळ्या राज्यासाठी प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, तिथली आपली घरं. शिक्षणाचा अभिमान असायचाच. पण आमच्यात तो कॉलेजच्या नावाचा अभिमान झाला होता. परराज्यातल्या एका खाजगी कॉलेजात एफडी मोडून फी भरली. मुलगा म्हणाला, "तुम्ही म्हणाल तसं." आम्ही त्याला संस्कार समजलो.

मग रोज तीन फोन. "जेवलास का?" "हो." "सगळं ठीक?" "हो." दिवाळीला आला तेव्हा पँट कमरेवर ठरत नव्हती. दोन महिने मेसमध्ये न जाता खोलीत एकटा बिस्किटं खात होता. "सांगितलं का नाहीस रे?" तर म्हणाला, "आई, तुम्ही एफडी मोडली होती ना."

त्या रात्री आम्ही दोघं झोपलो नाही. खोटं बोलू नये हे आम्हीच त्याला शिकवलं आणि खरं बोलायची सोयही आम्हीच ठेवली नाही. काळजी आणि आसक्ती बाहेरून सारख्याच दिसतात. काळजी विचारते, तुला काय हवंय? आसक्ती आधीच ठरवून येते आणि होकार मागते.

मग सगळं मुलांवर सोडायचं का? तसंही नाही. सतरा वर्षांचं पोर मैत्रिणी जिथे जातील तिथेच जायचं म्हणतं. आपलं काम खरी माहिती समोर ठेवण्याचं. त्यातून निवडणं त्यांचं. स्वतःच्या चुकीतून मूल शिकतं, आपण लादलेल्या चुकीतून ते फक्त लपवायला शिकतं.

म्हणून गेल्या वर्षी धाकटीच्या वेळी आम्ही आधी पैशांचं बोललो. पहिल्या वर्षाची नव्हे, पूर्ण अभ्यासक्रमाची फी, हॉस्टेल, मेस, येण्याजाण्याचा खर्च कागदावर मांडला आणि किती झेपेल ते स्पष्ट सांगितलं. कॉलेज कामाच्या दिवशी पाहिलं. दुसऱ्या वर्षाच्या मुलींशी ती एकटी बोलली, आम्ही तोवर कॅन्टीनला चहा घेतला. जीकॅसच्या फॉर्मवरचा पसंतीक्रमही तिनेच भरला. कॉलेजला मूळ गुणपत्रिका अडकवून ठेवता येत नाहीत आणि ठरलेल्या मुदतीत प्रवेश सोडला तर फी नियमानुसार परत मिळते, हे यूजीसीचे नियमही तिला सांगून ठेवले. "आता पैसे भरलेत" या वाक्याखाली कुणी दबू नये, एवढ्यासाठी.

अहमदाबादला गेल्यावर पहिले काही आठवडे तीही रडली. घराची आठवण येणं हा काही दोष नाही. तिला एवढंच सांगितलं, जेवायला एकटी बसू नकोस. एक मैत्रीण, एक सीनियर आणि नावाने ओळखणारे एक सर किंवा मॅडम, एवढी माणसं आधी जोड. दर शनिवारी घरी पळून येऊ नकोस. रॅगिंग झालं तर गप्प बसू नकोस, १८००-१८०-५५२२ ही हेल्पलाइन आहे.

आणि आम्ही स्वतःला एक नियम घातला. दिवसातून एकच फोन, आणि "जेवलीस का?"च्या आधी "आज काय बिनसलं?" उत्तर आलं की लगेच उपदेश नाही. हे फार कठीण जातं हो, अजून जमतंच असं नाही.

थोरला यंदा इंजिनिअर झाला. बरा आहे. पण सहलीला गेलो की वेगळासा दगड दिसला की थांबतो, हातात घेऊन बघतो. आम्ही काही बोलत नाही.

फॉर्म भरण्याआधी आपण सगळ्यांनी मुलांना एकदा विचारूया, "तुला नाही म्हणायचं असेल, तर म्हणशील ना?" आणि उत्तर ऐकायला थोडा वेळ थांबूया.

जय गुरुदेव 🙏
एक सेविका, बडोदे