ब्रेक दाबला की काय हलतं?

दुसरी पाळी संपवून कंपनीची बस तुम्हाला स्पाइन रोडला सोडून गेली आहे, असं धरू. घरातली मंडळी झोपली आहेत. खोलीच्या कोपऱ्यात तुमचा रेसिंगचा सांगाडा उभा आहे : सीट, स्टिअरिंग, पेडल. त्यात जाऊन बसा, पण कॉम्प्युटर चालू करू नका. पाठ सीटला नीट टेकवा. टाच खाली ठेवा आणि डाव्या पायाचा चवडा ब्रेकवर. अजून दाबायचं नाही. दोन-तीन श्वास जाऊ द्या.

आता दाबा, जितकं सावकाश जमेल तितकं. पायाकडे लक्ष नको, बाकी सगळ्याकडे असू द्या. काय हलतं?

पेडल हलणारच, ते सोडा. त्याखालची प्लेट वाकते का? प्लेट जिच्यावर बसवली आहे ती आडवी पट्टी पीळ खाते का? टाचेखाली काही किंचित उचललं जातं का? सीटची पाठ मागे कलते का? एकेका प्रश्नासाठी एकेकदा दाबा. मोन्झाचं पहिलं वळण कुठे पळून जात नाही.

हलणारी जागा सापडली तरी लगेच पाना घेऊन उठू नका. आधी जोर कुठून कुठे जातो ते पाहू. तळव्यातून पेडलच्या पट्टीत, तिथून दांड्यात, दांड्याच्या पिनेत, लोडसेलमध्ये, खालच्या प्लेटमध्ये, बोल्टमधून टी-नटमध्ये, टी-नटमधून अ‍ॅल्युमिनियमच्या प्रोफाइलमध्ये. आणि मग? मग तो जमिनीत जातो असं आपण धरून चालतो. पण तो जातो मागे. लांब प्रोफाइलमधून सीटच्या ब्रॅकेटमध्ये, सीटमधून तुमच्या कमरेत, कमरेतून मांडीत आणि पुन्हा तळव्यात. छातीसमोर नमस्काराचे हात जोडून एकमेकांवर जोरानं दाबून पाहा. हात थरथरतील, पण तुम्ही जागचे हलणार नाही. सांगाड्यातही तसंच असतं. सीट आणि पेडल एकाच चौकटीवर पक्के असतील तर गुळगुळीत फरशीवरसुद्धा सांगाडा सरकत नाही, कारण फरशीकडे फक्त वजन जातं. चाकाच्या ऑफिसच्या खुर्चीत बसून ब्रेक मारणाऱ्याची खुर्ची मागे पळते, कारण तिथे हे रिंगणच तुटलेलं असतं. पेडल भिंतीला टेकवून उपयोग नाही, खुर्ची मागे जायची ती जाणारच.

या रिंगणात सर्वांत मऊ जागा जी असेल, तीच तुमच्या ब्रेकचा स्वभाव ठरवते. लोडसेल पेडल किती सरकलं हे मोजत नाही, किती जोर पडला हे मोजतो. त्यातल्या धातूवर स्ट्रेन गेज चिकटवलेले असतात. धातू डोळ्याला दिसणार नाही इतका ताणला जातो, गेजचा विद्युतरोध किंचित बदलतो, आणि त्यावरून जोर कळतो. असा चिकटवायचा गेज १९३८ च्या सुमारास अमेरिकेत सिमन्स आणि रूज या दोघांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे काढला. किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक वजनकाट्याच्या पोटातही बहुधा हेच असतं.

इथे एक गैरसमज वारंवार भेटतो : प्लेट वाकली की लोडसेल चुकीचा आकडा देतो. तसं नाही. जोर तेवढाच असेल तर आकडाही तेवढाच येईल. फसतो तो पाय. चाळीस किलोला पट्टी कुठे थांबते हे पायानं शिकून ठेवलेलं असतं. त्यात प्लेटचं वाकणं मिसळलं, वर बोल्टची ढिलाई मिसळली, की तोच चाळीस किलो आज एका जागी आणि परवा दुसऱ्या जागी लागतो. महागडं पेडल घेण्याआधी सहा मिलिमीटरची एमएस प्लेट घ्या, असं माझं मत आहे. भोसरीतला कुठलाही फॅब्रिकेशनवाला ती कापून, भोकं पाडून देईल. फक्त भोकांमधली अंतरं पेडलवरून स्वतः मोजून न्या.

आता डोळे मिटून परत ब्रेक दाबा आणि टाचेकडे लक्ष द्या. तुमचा चवडा जमिनीपासून साधारण अठरा सेंटिमीटर उंचीवर पुढे ढकलतो आहे. म्हणजे पेडलचा संच पुढे सरकू पाहतोच, शिवाय पुढे उलटूही पाहतो. पुढची कड खाली दबते, टाचेकडची कड वर येते. जोर साठ किलोचा आणि पुढच्या-मागच्या बोल्टमध्ये अंतर वीस सेंटिमीटर धरलं, तर टाचेकडचे बोल्ट चोपन्न किलोनं वर ओढले जातात. समोरून दिसणारे बोल्ट आपण चार वेळा आवळतो. खरा ताण सोसणारे हे, टाचेखाली लपलेले. हात घालून पाहा. आटे गेलेत का? वॉशर आहे का?

बोल्ट म्हणजे आडवी घातलेली खुंटी आणि प्लेट तिला अडून राहते, असं चित्र आपल्या डोक्यात असतं. चांगल्या जोडात तसं होत नाही. आवळताना बोल्ट ताणला जातो, दोन्ही पृष्ठभाग एकमेकांवर दाबले जातात, आणि प्लेटला धरून ठेवतं ते त्यांच्यामधलं घर्षण. पोलादात ८.८ ग्रेडचा एम-८ बोल्ट पंचवीस न्यूटन-मीटरला आवळला की दाब दीड टनाच्या घरात जातो. अ‍ॅल्युमिनियमच्या खाचेत एवढं आवळू नका, कड उलते. पण निम्म्यातही काम भागतं. बोल्ट पकडत असेल तर हलणार नाही. हलत असेल तर तो पकडतच नव्हता.

चाकणच्या लाइनवर काम करणाऱ्याला यात नवीन काही नाही. फोक्सवॅगनचा कारखाना तिथे २००९ साली सुरू झाला, दुचाकींचे ब्रेक बनवणारी ब्रेम्बो त्याच पट्ट्यात आहे. ज्या चाळीस बाय चाळीसच्या प्रोफाइलवर तुमचं पेडल बसलं आहे, तेच वर्कस्टेशनला आणि रोबोच्या कुंपणाला लागतं. चाळीस बाय ऐंशीचं प्रोफाइल आडवं न ठेवता उभं ठेवलं तर जवळपास चौपट ताठ होतं, हेही तिथे कुणाला सांगावं लागत नाही. अभियांत्रिकीच्या मुलांची फॉर्म्युला भारत स्पर्धा कोइंबतूरच्या कारी ट्रॅकवर होते. तसल्या स्पर्धांच्या नियमात ब्रेक पेडल आणि त्याची बैठक २००० न्यूटन, म्हणजे दोनशे किलोच्या आसपासचा जोर न मोडता सोसणारी हवी असते. घाबरलेला माणूस ब्रेकवर काय करतो, याचा हिशेब त्यात धरलेला असतो. घरच्या खोलीत तेवढ्याची गरज नाही, पण आकडा लक्षात असावा.

उद्या उजेडात एकच काम करा. टाचेकडचे बोल्ट काढा. प्लेटखाली पावडर कोटिंग असेल तर बोल्टभोवतीचं तेवढं खरवडून टाका. दाबाखाली रंगाचा थर बसत जातो आणि आवळणी उतरते. परत आवळा आणि लाइनवर करतात तशी बोल्टच्या डोक्यावरून प्लेटवर पेंट मार्करनं एक रेघ ओढा. आठवड्यानं रेघ तुटलेली दिसली तर बोल्ट फिरला. सगळीकडची रेघ सरळ असेल तेव्हाच ब्रेकचं कॅलिब्रेशन नव्यानं करा. आधीचा कमाल आकडा लवचीक बैठकीवर ठरलेला होता. आता पाय त्याहून जास्त जोर देईल, आणि त्यातला किती ठेवायचा ते अर्ध्या तासाच्या शर्यतीनंतर मांडीला विचारून ठरवा.