दार नसलेलें गांव आणि चौथरा

रूढि आणि हक्क यांचा विरोध हा वादाचा एक नित्याचा विषय झाला आहे. एक पक्ष म्हणतो कीं, माणूस म्हणून जन्मास आलेल्या प्रत्येकाचे कांहीं हक्क असतात, आणि ते कोणत्याहि रूढीच्या संमतीवर अवलंबून नसतात. दुसरा पक्ष म्हणतो कीं, प्रत्येक समाजाची स्वतःची अशी एक जीवनरीति असते, आणि बाहेरच्यांनीं तिचा मान राखला पाहिजे. दोन्ही वचनें ऐकतांना खरीं वाटतात. मग जेथें त्यांचा झगडा उघड लागतो तेथें विवेकी माणसानें कोणत्या कसोटीनें निर्णय करावा? हा प्रश्न आमच्या नगर जिल्ह्यांत (२०२४ सालीं त्याचें नांव अहिल्यानगर झालें) एका चौथऱ्यावर प्रत्यक्ष उभा राहिला होता. म्हणून त्याचाच विचार करूं.

नेवासें तालुक्यांतील शनिशिंगणापूर येथें शनिदेवाची काळी शिळा उघड्या चौथऱ्यावर उभी आहे. तिच्यावर छप्पर नाहीं. गांवांतील घरांनाहि परंपरेनें कवाडें नाहींत. जेथें रक्षण करणारा देव जागा आहे तेथें कडीकुलूप लावणें म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखविणें, अशी गांवकऱ्यांची भावना. २०११ सालीं तेथें उघडलेल्या एका बँकेच्या शाखेनेंहि दाराला कुलूप न घालण्याचें मान्य करून या भावनेचा मान राखिला. अशा रूढीला हंसणारा मनुष्य कितीहि शिकलेला असो, त्याला समाजजीवनाचें मर्म कळलें नाहीं असेंच म्हटलें पाहिजे.

परंतु याच गांवांत दुसरीहि एक रूढि होती. त्या चौथऱ्यावर स्त्रियांनीं चढूं नये. २०१५ च्या नोव्हेंबरांत एक स्त्री वर चढून गेली, तेव्हां शुद्धीकरण करण्यांत आलें. पुढें २६ जानेवारी २०१६ रोजीं चौथऱ्याकडे निघालेल्या स्त्रियांना वाटेंत सुपें येथेंच अडविण्यांत आलें. विद्या बाळ व नीलिमा वर्तक यांनीं मुंबई उच्च न्यायालयांत दाद मागितली. हिंदूंच्या सार्वजनिक पूजास्थानांत प्रवेश नाकारणारास शिक्षा सांगणारा कायदा १९५६ पासून होताच. त्याची अंमलबजावणी करावी असें न्यायालयानें १ एप्रिल रोजीं सरकारास बजाविलें. ८ एप्रिलला, गुढीपाडव्याच्या दिवशीं, चौथरा सर्वांस खुला झाला.

रूढीच्या कैवाऱ्यांचें म्हणणें मी टाकाऊ मानीत नाहीं. ते म्हणत, ही आमच्या गांवची रीत आहे. आमच्या बायकांनाहि ती मान्य आहे. मग इतरांनीं मध्यें कां पडावें? गांवांतील अनेक स्त्रियांना ती मान्य होती हें खरेंच. त्याच वर्षीं जानेवारींत देवस्थानाच्या अध्यक्षस्थानीं प्रथमच एक स्त्री आली, आणि तिनेंहि परंपरेचीच बाजू घेतली. तथापि या युक्तिवादांत एक गफलत आहे. जिला चढावयाचें नाहीं तिला चढावयास कोणी भाग पाडीत नव्हतें. बंदी उठल्यानें तिच्या श्रद्धेला केसभरहि धक्का लागत नाहीं; पूर्वीं जें तिला सक्तीनें करावें लागे, तेंच आतां ती स्वखुशीनें करते. बंदी राहिली तर मात्र जिला जावयाचें आहे तिची श्रद्धा पायरीखालींच राहते.

येथेंच मला ती कसोटी सांपडते. दारें न लावण्याच्या रूढींत जो रूढि पाळतो तोच तिची किंमत देतो. चोरी झाली तर नुकसान त्याचें स्वतःचें. चौथऱ्याच्या रूढींत नियम एकानें करावा आणि किंमत दुसरीनें द्यावी अशी वांटणी होती. पहिलीला व्रत म्हणावें, दुसरीला बंदी. समाजानें आपल्या व्रतांचा मान इतरांकडून अवश्य मागावा. बंदीला तो संस्कृतीच्या नांवानें मागतां येत नाहीं. कारण जिला ती अडविते तीहि त्याच संस्कृतीची धनीण आहे. ही कसोटी एका धर्मापुरती नाहीं. २०१६ च्याच ऑगस्टांत त्याच न्यायालयानें मुंबईच्या हाजी अली दर्ग्यांतहि स्त्रियांचा मजारीपर्यंत जाण्याचा हक्क मान्य केला.

मध्यंतरीं शिंगणापुरीं पुरुषांनाहि वर जाण्यास बंदी करून समता साधण्यांत आली होती. कायद्याच्या अक्षराला ती पुरली असती. परंतु तहानलेल्या शेजाऱ्याला पाणी द्यावें लागूं नये म्हणून आपलीच विहीर बुजविणें याला कोणी न्याय म्हणत नाहीं. पाडव्याला नदीचें पाणी आणून शिळेस स्नान घालण्याची प्रथा आहे. त्या दिवशीं पुरुष मनाई मोडून वर चढले, आणि मगच सर्वांची वाट मोकळी झाली. पुरुषांना जी मनाई एका सणाला सोसली नाहीं, ती स्त्रियांनीं पिढ्यान्‌पिढ्या सोसावी अशी आमची अपेक्षा होती.

कोणी म्हणेल, ही हक्कांची भाषाच परकी. परंतु १९४८ सालीं संयुक्त राष्ट्रांनीं मानवी हक्कांचा जाहीरनामा केला, तेव्हां त्याच्या पहिल्या कलमांतील पुरुषवाचक शब्द काढवून तेथें 'सर्व मानव' असा पालट घडविणाऱ्या हंसा मेहता भारतीयच होत्या. आणि इतकें दूर तरी कशाला जावें? याच तालुक्यांत, नेवाशास, शके १२१२ मध्यें ज्ञानेश्वरांनीं संस्कृतांत कोंडलेली गीता सर्वांच्या कानांपर्यंत पोंचविली. याच जिल्ह्यांतील चौंडी गांवीं १७२५ सालीं जन्मलेल्या अहिल्याबाईंनीं काशीविश्वेश्वराचें देवालय पुन्हा उभारिलें. तेथेंच स्त्रीच्या पावलानें देवाचा चौथरा विटाळतो असें म्हणणाऱ्यास आपली परंपरा पुरती आठवत नव्हती, इतकेंच म्हणावें लागतें.

न्यायालय वाट मोकळी करूं शकतें; त्या वाटेनें जाणाऱ्या स्त्रीकडे पाहणाऱ्याची नजर तें बदलूं शकत नाहीं. तें काम आम्हां सुशिक्षितांचें आहे, आणि आम्हीं तें फारसें केलेलें नाहीं. मी स्वतः वर्षानुवर्षें मिलचा स्वातंत्र्यावरील निबंध मुलांना शिकविला. पण चौथऱ्याखालीं हात जोडून उभ्या असलेल्या स्त्रियांना 'तुम्हांला वर यावयाचें आहे काय?' असें एकदांहि विचारलें नाहीं. अन्यायाच्या रूढीचा कैवार घेणारे थोडे असतात. न विचारणारे पुष्कळ असतात, आणि तिचा खरा आधार तेच होत. म्हणून शिंगणापुरास दोष देऊन मोकळें होण्यापूर्वीं प्रत्येकानें आपल्या घरांत एकवार दृष्टि फिरवावी. आणि तेथील रीतींपैकीं कोणत्या आपण स्वतः सोसतों, व कोणत्या दुसऱ्याकडून सोसवून घेतों, याचा हिशेब मांडावा.