मिळालेले महिने कुणाचे?

यकृतातल्या गाठीला रक्त मुख्यतः धमनीतून मिळतं, निरोगी यकृताला बरंचसं पोर्टल शिरेतून. म्हणून एम्बोलायझेशनमध्ये धमनीची तेवढी फांदी बंद करतात. गाठ उपाशी राहते, यकृत तगतं. बार्सिलोनाच्या २००२ च्या चाचणीत औषधासह हा उपचार घेतलेले ६३ टक्के रुग्ण दोन वर्षांनी हयात होते, न घेतलेले २७ टक्के. (रुग्ण निवडक होते.) बहुतेकदा आजार जात नाही, मुदत वाढते.

ईसा टाउनमधून परळच्या डॉक्टरांना "बाबांना काही सांगू नका" असं फोनवर विनवणं मला समजतं. इतक्या लांबून धीर तरी कसा देणार? पण महिने बाबांचे आहेत. त्यांना भावाशी अबोला मोडायचा असेल, गावच्या घराचं ठरवायचं असेल. "गाठ सुकवली" एवढंच ऐकलं, तर ते सगळं पुढच्या दिवाळीवर ढकलतील.