फुकटच्या गाडीचे पुण्य कोणाचे?

ज्याने पुष्कळ घेतले त्यानेच त्यातले थोडे परत दिले, तर त्याला दान म्हणावे काय? हा प्रश्न आम्हांस पॅसिफिक महासागरातील फिजी बेटांवरच्या एका जुन्या रेल्वेने घातला.

तिथे ऑस्ट्रेलियाच्या कलोनियल शुगर रिफायनिंग कंपनीने उसासाठी अवघ्या २ फूट रुंदीचे रूळ टाकले. मळ्यांतला ऊस त्यांवरून लौटोकाच्या कारखान्यात जाई. हा कारखाना १९०३ साली सुरू झाला. त्याच रुळांवर कंपनी सिगाटोकाच्या बाजूला एक प्रवासी गाडीही चालवी. तिला तिकीट म्हणून नव्हतेच. कोणीही यावे, बसावे, हवे तिथे जावे. केवढे हे औदार्य, असे सहज तोंडून निघते!

पण थोडे खोल पाहू. एक तर गाडी फुकट चालवणे ही सरकारशी झालेल्या करारातली अट होती. दुसरे असे की, त्या रुळांवरून जाणारा ऊस पिकवला कोणी? १८७९ ते १९१६ या काळात सुमारे ६०,००० हिंदी माणसे जहाजांतून फिजीत नेली गेली. ५ वर्षांचा करार; त्या ‘अ‍ॅग्रीमेंट’चेच लोकांच्या तोंडी ‘गिरमिट’ झाले. नेमून दिलेले काम पुरे केले तर पुरुषास दिवसाला १ शिलिंग, बाईस ९ पेन्स. काम चुकले तर कोर्ट, दंड, तुरुंगसुद्धा. १ जानेवारी १९२० रोजी हे गिरमिट सुटले. ऊस मात्र पुढेही बहुतांशी त्यांच्याच मुलाबाळांनी पिकवला.

मग त्या गाडीत बसणाऱ्याने कंपनीपुढे मान लववावी का? आम्हांस वाटते, नाही. गाडीची सोय झाली, पाय वाचले, हे खरेच. ते नाकारू नये. परंतु आपल्याच घामातला चतकोर आपल्या पदरात पडला, तर त्याला उपकार म्हणू नये. दान ते, जे देणाऱ्याच्या हक्काचे असते. दुसऱ्याच्या हक्काचे दिले, तर ती फक्त परतफेड. आणि तीही अपुरी.

पुढे १९५९ साली नौसोरीचा साखर कारखाना बंद पडला. सिगाटोकाकडची ती फुकटची गाडीही केव्हाच थांबली. प्रश्न मात्र आपल्या दारापर्यंत येतो. गड्याची मजुरी कापून पंगत घातली, तर जेवणारे तृप्त होतील हो, पण पुण्य कोणाच्या खाती जमा होईल? म्हणून देण्याआधी आपण एवढेच पाहावे : ज्याचे त्याला चुकते केले ना? मग खुशाल पंगत वाढावी.