चोराशिवाय चोरी

दोन तऱ्हेची नाणी एकाच बाजारात चालू लागली, की आपण त्याला डोक्याचा ताप म्हणतो आणि सोडून देतो. पण त्या तापात नीतीचाही एक प्रश्न दडलेला असतो.

1 एप्रिल 1957 रोजी आपल्याकडे नवा पैसा आला. जुनी नाणी काही एका रात्रीत नाहीशी झाली नाहीत. काही वर्षे एकाच बटव्यात दोन्ही नांदली. रुपयाचे जुने पैसे 64, नवे 100. एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे, आणि पाव पैशाचे नाणे तर कुणी पाडलेले नव्हते! म्हणून कोष्टक आले : आण्याचे 6, दोन आण्यांचे 12, तीनांचे 19, चारांचे बरोबर 25. अर्धाच पैसा लोंबकळला तर तो सोडून द्यायचा. याहून सरळ नियम कोणता?

आता त्याच कोष्टकाची पहिली ओळ पाहा. जुना एक पैसा म्हणजे दीड नव्या पैशाहून किंचित अधिक. म्हणून त्याचे 2. महिन्याचे वाणसामान एकदम भरणाऱ्याला ही ओळ कशाला लागते? पण हातावर पोट असलेल्या बाईने पैशापैशाची मिरची-हळद नव्या नाण्यांत चार वेळा घेतली, की 6 ऐवजी 8 गेले. चौसष्ट वेळा घेतली, की रुपयाच्या मालाला 1 रुपया 28 पैसे!

हा बट्टाच झाला. पेशवाईत अंकुशी, चांदवडी असे नाना रुपये चालत आणि ते बदलताना सराफ बट्टा घेई. पण सराफाशी निदान हुज्जत घालता येई. कोष्टकाशी कोण घालणार?

वाणी म्हणेल, मी नियमाप्रमाणे घेतले. खरे आहे. कोष्टक करणाऱ्याचाही हेतू वाईट नव्हता. मग चोर नाही म्हणून चोरीही नाही, असे म्हणून मोकळे व्हायचे? मला ते पटत नाही. वहीत जुन्या हिशेबाने मांडून आठवड्याने एकदाच नव्या पैशांत फेड घेतली असती, तर त्या बाईचे नुकसान टळले असते. पण वाणी खाते उघडतो ते पत असलेल्याचे.

1 जून 1964 ला ‘नवा’ हा शब्द गळला. पुढे जुनी नाणीही गेली. आज मोबाइलवरून पैसे देणाऱ्याचा हिशेब पैसान्‌पैसा जुळतो. रोख मोजणाऱ्याच्या हातावर मात्र सुट्या रुपयाऐवजी कधी कधी गोळी पडते. आणि तीच गोळी उद्या रुपया म्हणून पुढे केली, तर दुकानदार घेत नाही.