सत्तेबाहेर वाढलेला विचार

हुकूमशाहीशी लढलेला माणूस शेवटी मंत्री झाला, की त्याची गोष्ट सुफळ संपूर्ण झाली असे आपण धरून चालतो. पोलंडच्या यात्सेक कुरोन यांच्याबाबतीत तसे म्हणता येत नाही. त्यांच्या विचाराची सर्वांत कठीण परीक्षा तुरुंगात झाली नाही, ती मंत्रिपदावर झाली. समाजाने सत्तेच्या परवानगीची वाट न पाहता आपली कामे एकत्र येऊन स्वतः करायला लागावे, हा तो विचार. तो त्यांना एका दिवसात सुचला नव्हता. बरीच वर्षे तर ते त्याच्या उलट्या दिशेने चालत होते.

कुरोन यांचा जन्म 1934 चा, ल्वूव शहरातला. हे शहर आज युक्रेनमध्ये ल्विव म्हणून ओळखले जाते. घर समाजवादी वळणाचे होते आणि तरुणपणी ते कम्युनिस्ट पक्षात गेले. पन्नासच्या दशकात वॉर्सात त्यांनी मुलांची स्काउट पथके चालवली. शिबिरात कामे वाटून घ्यायची, निर्णय बसून घ्यायचे आणि चुकले तर मोठ्यांनाही जाब विचारायचा, अशी तिथली शिस्त होती. पुढे विरोधी चळवळीत नाव काढणारा आदाम मिख्निक याच पथकांत वाढला. मुलांना साम्यवाद शिकवायला निघालेला हा शिक्षक त्यांना प्रश्न विचारायची सवय लावून गेला.

त्यांचा पहिला मोठा विद्रोह मार्क्सच्याच भाषेतला होता. सहकारी कारोल मोजेलेव्स्की यांच्याबरोबर त्यांनी पक्षाला उद्देशून खुले पत्र लिहिले. कारखाने कामगारांचे आहेत हे खोटे आहे, ते पक्षाच्या नोकरशाहीचे आहेत आणि ही नोकरशाही म्हणजेच नवा शोषक वर्ग आहे, असा त्यातला युक्तिवाद होता. उपाय होता क्रांतीचा आणि कामगार परिषदांच्या राज्याचा. 1965 मध्ये या पत्राबद्दल कुरोन यांना तीन वर्षांची शिक्षा झाली. सुटून आल्यावर 1968 च्या विद्यार्थी आंदोलनानंतर ते पुन्हा तुरुंगात गेले. तोवरच्या त्यांच्या विचारात सत्ता हेच केंद्र होते. ती चुकीच्या हातात आहे, योग्य हातात जावी, एवढाच वाद होता.

वळण आले ते रस्त्यावरच्या अनुभवातून. डिसेंबर 1970 मध्ये भाववाढीविरुद्ध बाल्टिक किनाऱ्यावरचे कामगार उठले. ग्दान्स्कमध्ये पक्षसमितीची इमारत पेटली, सैन्याने गोळ्या झाडल्या आणि किनाऱ्यावर चाळीसहून अधिक माणसे मेली. जून 1976 मध्ये पुन्हा भाववाढ झाली आणि रादोममध्ये पुन्हा पक्षसमितीची इमारत पेटली. दोन्ही वेळा सरकारला भाववाढ मागे घ्यावी लागली, पण कामगारांच्या हाती संघटना म्हणून काहीच उरले नाही. रादोम आणि वॉर्साजवळच्या उर्सुस कारखान्याच्या कामगारांवर मारझोड, खटले आणि बडतर्फी एवढेच आले. त्यांच्या समित्या जाळू नका, आपल्या काढा, हा कुरोन यांच्या नावावर सांगितला जाणारा सल्ला या राखेतून आला आहे.

सप्टेंबर 1976 मध्ये अशी एक समिती खरोखर निघाली. तिचे नाव कामगार संरक्षण समिती, पोलिश आद्याक्षरांनी ‘कोर’. कामे अगदी साधी होती. बडतर्फ कामगारांच्या घरी पैसे पोचवायचे, वकील द्यायचे, खटल्याला जाऊन बसायचे, घडले ते लिहून छापायचे. सभासदांनी आपली नावे, पत्ते आणि दूरध्वनी क्रमांक उघडपणे छापले. वॉर्साच्या झोलिबोझ भागातले कुरोन यांचे घर या सगळ्याचे केंद्र बनले. कुठे संप झाला, कोणाला पकडले, हे तिथल्या दूरध्वनीवर कळायचे आणि तिथून परदेशी पत्रकारांपर्यंत जायचे. क्रांती करायची नव्हती. भीती न बाळगता वागायची सवय समाजाला लावायची होती. वर्षभरात तुरुंगातले कामगार सुटले.

ऑगस्ट 1980 मध्ये ग्दान्स्कच्या जहाजबांधणी कारखान्यात संप झाला आणि तो चालू असतानाच कुरोन यांना कोठडीत टाकले गेले. स्वतंत्र कामगार संघटना सरकार मान्य करील असे त्यांनाही वाटत नव्हते. पण 31 ऑगस्टला करार झाला आणि ‘सॉलिडॅरिटी’ या स्वतंत्र संघटनेची सभासदसंख्या एक कोटीच्या घरात गेली. क्रांतीने स्वतःलाच मर्यादा घालून घ्यावी, सत्ता पक्षाकडे राहू द्यावी आणि समाज आपल्या हाती घ्यावा, ही भूमिका तेव्हा कुरोन मांडत होते.

13 डिसेंबर 1981 ला लष्करी कायदा आला आणि खुद्द कुरोन या विचारापासून ढळले. स्थानबद्धतेतून त्यांनी लिहिले की आता एका केंद्राभोवती शिस्तबद्ध भूमिगत संघटना हवी आणि वेळ आली तर सत्तेची ठाणी ताब्यात घेण्याची तयारी हवी. याला बाहेरून उत्तर दिले ते सॉलिडॅरिटीचे भूमिगत नेते झ्बिग्न्येव बुयाक आणि विक्तोर कुलेर्स्की यांनी. विखुरलेले राहू, छापू, शिकवू, एकमेकांना सांभाळू, वेळ लागू दे, असे त्यांचे म्हणणे होते. कोरचा धडा त्या क्षणी कुरोन यांच्यापेक्षा त्यांच्या या सहकाऱ्यांनी अधिक घट्ट धरला. कुरोन तुरुंगात असतानाच नोव्हेंबर 1982 मध्ये त्यांची पत्नी ग्राझिना वारली.

शेवटी सरकार आणि सॉलिडॅरिटी यांच्यात 1989 मध्ये झालेल्या गोलमेज वाटाघाटींनंतर 4 जूनला निवडणूक झाली. सेइम या लोकसभेच्या 460 पैकी 161 जागाच खुल्या स्पर्धेसाठी होत्या. त्या सर्व सॉलिडॅरिटीने जिंकल्या आणि सिनेटच्या 100 पैकी 99. झोलिबोझमधून कुरोन निवडून आले आणि पंतप्रधान तादेउश माझोव्येत्स्की यांच्या मंत्रिमंडळात श्रममंत्री झाले. सेइममध्येही ते डेनिमचा शर्ट घालून बसत. अर्थमंत्री लेशेक बाल्त्सेरोविच यांच्या आर्थिक सुधारणा 1 जानेवारी 1990 ला लागू झाल्या. त्या वर्षाअखेर बेकारांची संख्या अकरा लाखांच्या वर होती. कुरोन दर आठवड्याला दूरचित्रवाणीवर येऊन लोकांना परिस्थिती समजावून सांगत. बेकारभत्त्याला आणि गरिबांना वाटल्या जाणाऱ्या सूपला लोकांनी त्यांचेच नाव दिले: कुरोनिउव्का.

पेच इथे आहे. कामगारांच्या हक्कासाठी तुरुंगात गेलेला माणूस आता कामगारांना धीर धरा म्हणत होता, आणि लोक त्याचे ऐकत होते. कोरने बडतर्फ कामगाराला पैसे दिले तेव्हा त्यातून नाती जुळली. सरकारने भत्ता दिला तेव्हा रांगा लागल्या. पैसा तसाच, पण घेणारा आणि देणारा यांच्यातले नाते बदलले. शिवाय संघटना बांधणारी माणसेच खासदार आणि मंत्री झाल्यामुळे खाली समित्या काढायला फारसे कोणी उरले नाही.

कुरोन यांना हे कळत नव्हते असे नाही. दुसऱ्यांदा श्रममंत्री असताना, फेब्रुवारी 1993 मध्ये, त्यांनी सरकारी कारखान्यांच्या भवितव्याबद्दल कामगार संघटनांशी करार घडवून आणला. खासगीकरण व्हायचेच असेल तर त्यात कामगारांना आवाज असावा, हा हेतू होता. पण मे महिन्यात पंतप्रधान हान्ना सुखोत्स्का यांचे ते सरकार एका मताने पडले आणि अविश्वासाचा ठराव आणला होता सॉलिडॅरिटीच्याच खासदारांनी. सप्टेंबरच्या निवडणुकीत जुन्या कम्युनिस्टांचे वारसदार जिंकले. 1995 मध्ये कुरोन राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे राहिले, नऊ टक्क्यांच्या थोडी वर मते घेऊन तिसरे आले. 2001 पर्यंत ते खासदार होते.

उत्तरायुष्यात त्यांनी सुधारणांवर कठोर टीका केली आणि आपला वाटा नाकारला नाही. बियावोव्येझाच्या जंगलाजवळच्या तेरेमिस्की गावात, जिथे सरकारी शेती बंद पडून माणसे मागे राहिली अशा भागांतल्या तरुणांसाठी, त्यांनी दुसऱ्या पत्नी दानुता यांच्यासह शाळा सुरू केली. 2004 मध्ये ते वारले. स्काउटांच्या शिबिरात सुरू झालेले काम तिथे पुन्हा हाती घेतले गेले होते.

म्हणून कुरोन हरले असे म्हणणे सोपे असले तरी बरोबर नाही. राज्य हाती आल्यावर समाजाचे संघटन आपोआप टिकेल, हा त्यांच्या पिढीचा भरवसा चुकला. ते संघटन सत्ता मिळवण्याचे साधन नव्हतेच. सत्ता कोणाचीही असली तरी दर पिढीला ते नव्याने उभे करावे लागते. आपल्या बाजूचे सरकार आल्यावर तर त्याची गरज अधिक असते, कारण तेव्हा विरोध करायला संकोच वाटतो.